उजव्या कडेनं

शेषरावानं कासरा ओढून बैलगाडी रस्त्याच्या उजव्या कडेला घातली. बैलांना ते पटलं नाही. जन्मभर डावीकडून चाललेली जनावरं ती. दोन पावलं गेली की पुन्हा डावीकडे वळत आणि शेषराव पुन्हा ओढी. समोरून मुलाची, सहदेवची, लॉरी आली. तीही तिच्या उजव्या कडेनं. बापलेक एकमेकांजवळून गेले, दोघंही चुकीच्या बाजूनं, आणि म्हणून सुखरूप.

इराणात अबादानच्या तेल कारखान्याला लॉरीवाले हवे होते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एजंटानं अटी सांगितल्या होत्या. परक्या माणसाला तिथलं लायसन हवं, तर इथल्या लायसनवर गुन्ह्याचा एकही शेरा नको. शिवाय तिकडे गाड्या उजवीकडून चालतात; तशी चालवून दाखवायची, परीक्षा सोमवारी अकोल्यात. म्हणजे उलट्या बाजूनं चालवायला शिकायचं, पण कधी उलट्या बाजूनं चालवलेलं नसायचं. एजंटाला यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"तिथं आपन परके म्हनते," सहदेव घरी येऊन म्हणाला होता.

"इथं तरी कोनाचे हाओ? मुलूख निजामाचा, राज इंग्रजाचं, कचेरी नागपूरले," शेषराव म्हणाला होता.

जा किंवा नको जाऊ, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सून शकुन सातव्या महिन्यात होती. त्यानं फक्त विचारलं, "उजवीकून म्हनजे एकदम उजवीकून?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मालक भगवंतरावांच्या लॉरीत संत्री भरायच्या आधी, सरावासाठी मोर्शीबाहेरच्या रस्त्यावर गाडी जुंपून आणली.

पुढच्या फेरीला बैलगाडीमागून सायकलवर पोलीस शिपाई आला. तो नियमानं डावीकडून येत होता, त्यामुळे थेट लॉरीसमोर आला आणि सायकलीसकट तुरीच्या वावरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पगडीत तुरीची शेंग होती.

"लायसन काढ," तो सहदेवला म्हणाला.

सहदेवचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं.

शेषरावाला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिलं असतं तरी लायसनवर शेरा पडून पोरगा इथंच राहणार होता. अमरावतीला संत्री टाकून रोज संध्याकाळी घरी येणार होता, लेकराला खेळवणार होता. शेषरावानं कासरा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग तो खाली उतरला.

"त्याचं लायसन काहून मांगता, जमादारसाहेब? उलटा तर मी होतो. मले वाचवाले तो तिकडं गेला."

"तू काहून उलटा चालून राहिला होता बे, बुढ्या?"

"बैल आयकत नाई."

बैल तोवर आपणहून डाव्या कडेला जाऊन शहाण्यासारखे उभे होते. शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं.

"ते तर बराबर उभे हायेत."

"आता हायेत."

"चाल चौकीत. गाडी घेऊन चाल."

"बाबा, मी सांगतो न..." सहदेव म्हणाला.

"तू चूप राय. तिकडं भगवंतराव वाट पाहून राहिले असतीन."

शिपाई सायकल उचलायला गेला. शेषराव लॉरीजवळ आला आणि त्यानं दारावर हात ठेवला.

"सोमवारपावतर डावीकून जाय," तो म्हणाला.