ओल्या कागदातली वीट

कागद अजून ओला होता. कोळशाच्या बादलीच्या कडेवर, बाजारातून आणलेल्या माशासारखं नीट गुंडाळलेलं ते पुडकं – दोन्ही टोकं आत दुमडलेली, वरची घडी अंगठ्याने दाबून बसवलेली – आणि शाई पाण्याने फुटून बातमीच्या फोटोतल्या कुणा मंत्र्याचा जबडा निळसर झालेला. हातातली पिशवी खाली न ठेवताच रोजविटा त्याच्याकडे बघत राहिली. कडासुद्धा सुकल्या नव्हत्या. म्हणजे हे पहाटेचं. म्हणजे बाबा पहाटे उठून, त्या थंड मोरीत उभे राहून... आणि तेही आज. धुराडं तपासायला नोआकबाई येणार, नेमकं त्याच दिवशी.

या खाणींच्या मुलखात सगळ्यांच्याच आया हे करायच्या. तपकिरी कोळशाची वीट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, निखाऱ्यांवर ठेवायची, हवेची झडप घट्ट लावायची आणि झोपायचं. सकाळी राख उकरली की आत लाल डोळा जिवंत असतो. पण हवा नाही म्हणजे धूर पुरता जळत नाही, अर्धवट जळलेला तो चिकट धूर वर जातो, धुराड्याच्या गार भिंतीवर डांबरासारखा बसतो, थरावर थर, आणि एका हिवाळ्यात तो थरच पेटतो. हे तिने त्यांना समजावलं होतं. एकदा कागदावर चित्र काढून, एकदा उकळत्या पातेल्यावर थंड झाकण धरून, आणि एकदा, ते आठवलं की अजून कान तापतात, ओरडून. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली होती. ती मान! आयुष्यभर आईलाही त्यांनी ह्या मानेनेच गप्प केलं.

"बाबा, हे काय आहे?"

"कागद."

"आणि कागदात?"

"केमिस्ट तू. तूच सांग." ते आरशासमोर टाय सारखा करत होते. दाढी केलेली, हनुवटीवर रक्ताचा ठिपका, टेबलावर जडीबुटीच्या दारूची बाटली आणि छोटे पेले मांडलेले. धुराड्याची तपासणी नव्हे, पोरीला बघायला पाहुणे येणार असावेत अशी तयारी.

"हे पुन्हा करायचं नाही असं ठरलं होतं आपलं."

"तुझं ठरलं होतं."

बरोबर. माझंच ठरलेलं असतं सगळं. फोल्कर हानोफरमध्ये बसून फोन करतो – 'रोजी, तू काही बोलू नकोस. ती बाई म्हणाली ना भट्टी बंद, की विषय संपला. आपलं नाही ऐकणार ते, पण धुराडंवाल्यांच्या काळ्या कोटाचं ऐकतील.' भावाचं डोकं अशा बाबतीत छान चालतं. या घरात ऊब म्हणजे ही एक भट्टी – हिरव्या टाइल्सची, माणसाहून उंच, बुडाशी टेकून बसायला बाकडं असलेली. ती बंद झाली की हिवाळा इथे काढता येणार नाही, आणि बाबा मग तिच्याकडे शहरात येणार, तिच्या दोन खोल्यांत. छोटी खोली तिने रिकामीही केली होती. सूक्ष्मदर्शकाचं टेबल झोपायच्या खोलीत कोंबलं, बाबांसाठी जाड पडदे लावले... आणि पडदे लावल्यापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. निवृत्तीनंतर मिळालेली ती शांतता, खिडकीतला तो एकच तुकडा उजेड, काचपट्टीवर तळ्यातल्या पाण्याचा थेंब. हे कुणाला सांगायचं? सांगण्यासारखं कारण नाही ते.

पुडकं बादलीवर तसंच ठेवलं तर नोआकबाईला दिसेल. फेकून दिलं तर दिसणार नाही. एवढं सोपं होतं... आणि तेवढ्यात घंटा वाजली.

"आली!" बाबा म्हणाले, आणि मग हळूच, चेहरा पाडून, "पण रोजी, बटणाचं काय करायचं? तिचा काका यायचा तोवर ठीक होतं. बाईमाणसाच्या कोटाला हात कसा लावायचा?"

धुराडंवाल्याच्या पितळी बटणाला हात लावला की नशीब उजळतं. घराला आग लागायची वेळ आलेली, आणि ह्यांना काळजी बटणाची.

नोआकबाई दारातूनच हसल्या. उंच, लाल गालांची, खांद्यावर दोरीचं वेटोळं. बाबांचा अर्धवट उचललेला हात त्यांनी पाहिला आणि मनगट पुढे केलं. "बाहीचं धरा, आजोबा. तिथेही तेवढंच नशीब असतं."

बाबांनी ते बटण दोन बोटांत धरून डोळे मिटले. बराच वेळ. काय मागत असतील?

मग काम सुरू झालं. माळ्यावर पावलं, विटांवर ठकठक. खाली येऊन त्यांनी भिंतीतलं धुराड्याचं लोखंडी दार उघडलं, दिवा आणि आरसा आत घातला, आणि हसू गेलं. आतून खरवडलेला एक कपचा त्यांनी रोजविटाच्या तळहातावर ठेवला. काळा, काचेसारखा चकचकीत, वजनाला काहीच नाही. सुंदर होता. इतका सुंदर की प्रयोगशाळेत असती तर तिने सगळ्यांना बोलावून दाखवला असता.

"हे पेटलं तर छप्पर राहणार नाही," नोआकबाई म्हणाल्या. त्यांची नजर बादलीवर गेली, पुडक्यावर थांबली. आवाज उतरला. "रात्री भट्टी कोण भरतं? खरं सांगा. आजोबा एकटेच हे उद्योग करत असतील तर मला भट्टी आजच बंद करावी लागेल. सांगितलेलं ऐकणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. अग्निशमनवाल्यांना बोलवून हा थर आपणच जाळून काढू, भिंतीला तडे नाहीत हे बघू, आणि मग पेटवा खुशाल."

हीच ती वेळ. फोल्करची वेळ. रोजविटाने तोंड उघडलं.

"रोजी करते ते," बाबा म्हणाले.

ते पाठमोरे उभे राहून पेल्यांत दारू ओतत होते. बाटलीचा गळा पेल्यावर किणकिणत होता. त्यांनी मधलं बोलणं ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. "तिचंच काम आहे ते. हात छोटे आहेत ना तिचे, घडी छान बसते."

हात छोटे... स्वयंपाकघरातलं जस्ताचं घमेलं, स्टुलावर उभी राहिलेली ती, पाण्यात बुडून जड होत जाणारी वर्तमानपत्राची पानं, आणि मागून आईचा आवाज – टोक आत घे, रोजी, टोक आत. आता तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते आणि अंगठी निघत नव्हती. निर्लज्ज म्हातारा! स्वतःचा गुन्हा पोरीच्या गळ्यात घालतो, तोही पाहुणीसमोर, तोही... की त्यांना खरंच तसं दिसत होतं? स्टुलावर उभी राहिलेली? आत्ता? या खोलीत?

"तुम्ही?" नोआकबाईंनी विचारलं.

"हो," रोजविटा म्हणाली. "मीच."

पाण्याच्या तपासणीत तिने कधी दशांशसुद्धा पुढेमागे केला नव्हता.

"तुम्ही तर प्रयोगशाळेत होतात म्हणे!"

"हो."

"मग? कळत नाही असं कसं म्हणू मी तुम्हाला?"

"म्हणा."

"पुन्हा करणार नाही ना?"

"नाही."

"शुक्रवारी येते, थर जाळू. तोवर यात काडीसुद्धा लावायची नाही." त्यांनी पेला एका घोटात संपवला, दोरी उचलली. दाराशी त्या वळल्या आणि मनगट पुढे केलं. "तुम्ही राहिलात. आज तुम्हालाच जास्त गरज आहे."

लहानपणानंतर तिने हे कधी केलं नव्हतं. पितळ थंड होतं, बोटाखाली त्याची कड जाणवत होती. आता काही मागायचं असतं. छोटी खोली मागता आली असती, तो उजेडाचा तुकडा... किंवा बाबा सुखरूप राहावेत, हे तर चारचौघांत सांगण्यासारखं होतं. पण बोट उचलायच्या आत मनात उभं राहिलं ते भलतंच – ते खोटं बोललेले असू देत. सगळं ऐकून, समजून, ठरवून, निगरगट्टपणे खोटं. त्यांना पोरीला फसवता येत असेल तर त्यांना अजून सगळं येतं.

दार लागलं. बाबा भट्टीच्या बाकड्यावर जाऊन बसले, पाठ टाइल्सना टेकवली. भट्टीत अजून सकाळची ऊब होती; संध्याकाळपर्यंत तीही जाईल. त्यांनी शेजारची जागा थोपटली. ती बसली. बटाटे उकडायचे होते, चक्का आणि जवसाचं तेल पिशवीतच होतं, फोल्करला फोन करून काय सांगायचं ते ठरवायचं होतं.

"कागद जरा जास्तच भिजवलास," बाबा म्हणाले.

तिने मान वळवली. त्यांच्या ओठाची कड किंचित वर गेलेली होती – पण ती तशी नेहमीच असते, आईच्या अंत्यविधीलाही होती. विचारता आलं असतं. बाबा, पुडकं कुणी बांधलं? साधा प्रश्न, उत्तर एकच. तिने तो जिभेवर घेतला आणि तिथेच धरला. तळहातात तो काळा कपचा अजून होता; मूठ मिटल्यामुळे त्याचा चुरा झाला होता.

"लबाड आहात तुम्ही," ती म्हणाली, शक्य तितक्या चिडक्या आवाजात, आणि ते हसतात का याची वाट बघत राहिली.