टाकीतल्या सात बाया

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी कुसगावच्या वरच्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. औंढ्याहून बैलगाड्या भरून माणसं आली होती, बायकांनी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. साल छत्तीसचं. मोटारहोडी तळ्यावर येऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळे ती चालते कशी हे बघण्यात कुणाला रस उरला नव्हता. ती बंद कशी पडते, ते बघायला ही गर्दी लोटली होती.

होडीनंही लोकांची निराशा केली नाही. फटफटत मध्यावर गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. बरोबर तिथंच, जिथं धरणाचं पाणी चढलं तेव्हा सातीआसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं बुडालं होतं. गेले काही दिवस जाताना तिथंच, येताना तिथंच, रोज.

कोंडाजी भगत होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिला. अंगाला एक झटका दिला, डोळे फिरवले.

"इंजनाला कुणी हात लावू नगा. साती जणी टाकीत शिरल्यात. थोरली रुसलीया, धाकटीला खण पायजे. मी बोलतो त्यांच्यासंगं." थोडा वेळ तो पाण्याशी पुटपुटला. मग म्हणाला, "भिमाजी, झाकण उघड. बायांना वाट दे."

होडी चालवणाऱ्या भिमाजीनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून 'फुस्स' आवाज आला.

"निगाल्या," कोंडाजी म्हणाला.

होडीतल्या माणसांनी हात जोडले. भिमाजीनंही जोडले. मग त्यानं हॅण्डल मारलं आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झालं. सात बाया मिळून एका हातभर टाकीत मावतात कशा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कोंडाजीला मात्र त्या आठवड्यात चार कोंबड्या सुचल्या होत्या आणि त्या त्याला मिळाल्याही होत्या.

भिमाजीनं हात जोडावेत ही गोष्ट सांगायला मलाही बरं वाटत नाही. हा माणूस सात वर्षं मुंबईच्या गोदीत लाँचवर काम करून आलेला. इंजिनाचा एकेक नट त्याच्या ओळखीचा. होडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्यानं रीतसर सगळं तपासलं होतं. नळी फुंकून पाहिली, गाळणी धुतली, कार्बोरेटर उघडून जेट साफ केला, प्लग बदलला. सगळं चोख. काठावर होडी तासभर बिनतक्रार चालायची, कारण तपासायला बसला की झाकण काढून बाजूला ठेवणं हे त्याचं पहिलं काम असे. पाण्यात निघाली की मात्र मध्यावर बंद. 'मला कळत नाही' असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा हात जोडणं सोपं होतं. त्यानं सोपं ते केलं.

त्या रविवारी होडी काठाला लागली आणि कोंडाजीनं गर्दीकडं तोंड केलं.

"बाया सांगत्यात, ह्या होडीत रोज येक वाईट पाय पडतोय." त्यानं बोट केलं ते सारजाबाईकडं.

सारजाबाई पलीकडच्या डोंगरवाडीची. नवरा गेलेला, घरात दोन म्हशी. रोज सकाळी दुधाची कासंडी घेऊन होडीनं यायचं आणि लोणावळ्याच्या बंगल्यांना रतीब घालायचा, यावर तिचं चालायचं. तिचा पाय वाईट कधी झाला? गुरुवारी. त्या दिवशी तिनं भर होडीत विचारलं होतं, "भगत, सात जणी टाकीत बसल्या, तर प्याट्रोल सांडत कसं न्हाई?"

लोक भिमाजीकडं बघू लागले. होडी त्याच्या हाती होती.

"मावशी," तो खाली बघत म्हणाला, "उद्यापासनं तुमी नका येऊ."

सारजाबाईनं कासंडी उचलली आणि उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती तळ्याला वळसा घालून साडेतीन कोस चालू लागली. दूध पोचेपर्यंत नासायचं. तीन बंगल्यांनी रतीब तोडला. होडी मात्र तिच्याविनाही मध्यावर थांबतच राहिली. त्यावरही कोंडाजीकडं उत्तर होतं: "काठावरनं नजर लावती." वाडीतल्या बायका तिला पाणवठ्यावर वाट देईनात, पोरं तिच्या म्हशींना दगड मारू लागली. शेवटी हौशीराम पाटलानं सांगितलं, रविवारी घाटावर बसू आणि तिला वाडीतून काढायचं का ते ठरवू.

शुक्रवारी भिमाजी लोणावळ्याच्या बाजारात गेला होता. वाण्याच्या दुकानात सारजाबाई घासलेट घ्यायला उभी. तिला बघून तो खांबाआड सरकला. वाण्यानं नवा डबा फोडला, एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा कलता केला. दोन थेंब आले, बुडबुड झालं, धार थांबली.

"दुसरं भोक पाड की," सारजाबाई म्हणाली. "वारा आत गेल्याबिगर त्याल भाईर कसं येईल?"

वाण्यानं दुसरं भोक पाडलं. धार सरळ लागली.

भिमाजी खांबाआड होता तसाच उभा राहिला. मग पेट्रोल न घेताच तळ्याकडं निघाला.

टाकीचं झाकण त्यानं हातात घेतलं. झाकणाच्या मधोमध हवेसाठी तिळाएवढं भोक असतं, हे गोदीत त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आता तिथं भोक नव्हतं. तिथं शेंदूर होता, तेलात कालवलेला, वाळून खडक झालेला, आणि त्यावर त्याच्याच अंगठ्याचा ठसा. खंडेनवमीला त्यानं इंजिनाची पूजा केली होती. मारुतीचं बळ यावं म्हणून नटाबोल्टांना शेंदूर लावला होता, आणि सगळ्यात जाड बोट टाकीच्या झाकणावर.

आता सगळं उघड होतं. निघताना तो दोन्ही काठांवर काठी घालून पेट्रोल मोजायचा आणि झाकण घट्ट लावायचा. पेट्रोल खाली उतरे, त्याची जागा घ्यायला हवा येत नसे, ओढ वाढत जाई आणि ठराविक वेळानं थेंब थांबे. तेवढ्या वेळात होडी मध्यावर पोचलेली असे, इकडून निघो की तिकडून. झाकण उघडलं की हवा 'फुस्स' करून आत शिरे आणि उरलेल्या निम्म्या पल्ल्याला पुरे. बाहेर कुणीच निघत नव्हतं.

त्यानं टाचणीनं भोक मोकळं केलं, शेंदूर पुसला आणि ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही.

शनिवारी होडी कुठंही न थांबता पलीकडं गेली. नेमकं त्या दिवशी सारजाबाईला तिच्याच भावकीनं घरात कोंडलं होतं.

"बघितलं?" कोंडाजी म्हणाला. "बाई कोंडली आन् होडी सुटली. आता आनि काय पुरावा पायजे?"

सगळ्यांना पटलं. भिमाजीच्या एका टाचणीनं सारजाबाईवर शिक्कामोर्तब झालं होतं.

रविवारी घाटावर पाटील बोलायला उठला, तेव्हा भिमाजी पुढं झाला.

"पाटील, आधी माझं ऐका. होडी मी बंद पाडली हुती."

त्यानं होडी दोरानं घाटाला करकचून बांधली. झाकणाचं भोक सगळ्यांना दाखवलं, वर शेंदूर दाबला, झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं. होडी जागच्या जागी फटफटत राहिली. कोंडाजी म्हणाला, "हितं काय व्हनार, बाया तर तितं मधी हायेत." लोक वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळानं इंजिनानं दोन आचके दिले आणि घाटालाच गप्प झालं.

"भगत, साती जणी काठावर आल्या का?" पाटलानं विचारलं.

कोंडाजी काही पुटपुटू लागला. भिमाजीनं त्याच्याकडं न बघता झाकण उघडलं. फुस्स. त्यानं जमिनीवर शेंदूर झटकला आणि सगळं सांगितलं: खंडेनवमी, शेंदूर, टाचणी आणि शुक्रवारी गप्प बसलेला तो स्वतः. तो सांगत असतानाच कोंडाजी गर्दीतून मागच्या मागं सटकला.

मग भिमाजी, भावकीनं घाटावर आणून बसवलेल्या सारजाबाईपुढं गेला.

"मावशी, चुकलो. उद्यापासनं होडीनं या."

सारजाबाईनं विचारलं.

"भिमा, इंजन बंद पडलं तवा तू नळी बघितलीस, गाळणी बघितलीस, समदं सोडवून बघितलंस. मला उतर म्हनलास, तवा काय बघितलंस?"

ती वळली आणि तळ्याच्या कडेच्या वाटेनं चालू लागली.

वाचकहो, बंद पडलेल्या यंत्राचं कारण आपण शोधतो, कारण ते असतंच हे आपल्याला ठाऊक असतं. ते सापडलं नाही, तर 'अजून सापडलं नाही' एवढंच म्हणावं. त्यात लाज नाही. लाज आहे ती कारण सापडेना म्हणून एखाद्या माणसाकडं बोट करण्यात, आणि त्या बोटाकडं बघून हात जोडण्यात.