तिसऱ्यांदा आली तेव्हा

पाळकबाईंच्या हाताला गुण आहे, असं चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणत. वेदीवरचं पांढरं कापड त्या स्वतः धूत, खळ घालत, दमट असतानाच त्यावर इस्त्री फिरवत. प्रभुभोजनाची भाकर त्याच भाजत. चर्चच्या पाठीला लागून असलेलं पाळकांचं घर त्यांनी असं ठेवलं होतं की कुणीही, कधीही आलं तरी बसायला खुर्ची आणि प्यायला गरम काहीतरी मिळायचंच. बावीस वर्षांत त्या घराच्या दाराला दिवसा कडी लागली नव्हती.

दर बुधवारी दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बायकांची सभा भरे. पाळकबाई आधी प्रार्थना करत, मग बोलत. फार मोठं काही सांगत नसत. दूध उतू जायला लागलं की भांडं आपटायचं नसतं, आच कमी करायची असते, नवऱ्याच्या रागाचंही तसंच. ज्याचं ताट आपण घासतो त्याच्यासाठी घासता घासता प्रार्थना करावी, म्हणजे ताटाबरोबर आपलं मनही स्वच्छ निघतं. बायका माना डोलवत. निवृत्त झालेल्या नर्सबाई तेवढ्या म्हणत, "मी ह्यांच्यासाठी इतकी प्रार्थना केली की ताटावरची नक्षी गेली. माणूस होता तसाच!" मग सगळी खोली हसे, पाळकबाईही हसत.

सभेत वयाने सगळ्यांत लहान म्हणून जिला सगळ्या 'धाकटी' म्हणत, ती घड्याळजींची बायको. ती हसायची, पण जरा उशिरा, इतरांकडे बघून.

घड्याळजी म्हणजे जिभेवर खडीसाखर. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं अरुंद दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्याने अलगद उचलणारा माणूस. चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ त्यांच्या आजोबांनी बसवलेलं, त्याला किल्ली अजून त्यांच्याच घरातून मिळे. ते चर्चच्या पंचांमध्ये होते, रविवारचा शास्त्रपाठ वाचत, आणि तो ऐकताना म्हाताऱ्या बायका डोळ्यांना रुमाल लावत.

धाकटी पहिल्यांदा एकटी आली ती एका सकाळी, दहाच्या सुमाराला. पाळकबाई वेदीच्या कापडाला इस्त्री करत होत्या. ती दारातच उभी राहिली आणि तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. बोटांचे पाच ठसे. कडेला पिवळे पडलेले, मध्ये काळेनिळे.

पाळकबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, तिला खुर्चीवर बसवलं, चहा केला, हाताला मलम लावलं.

"काय झालं होतं?"

"जेवायला दहा मिनिटं उशीर झाला."

"तू उलट काही बोललीस?"

धाकटीनं जरा विचार केला. "मी सॉरी म्हणाले. बहुतेक मोठ्यानं म्हणाले असेन."

"हे बघ पोरी," पाळकबाई तिच्या शेजारी बसत म्हणाल्या, "घरोघरी मातीच्या चुली. दिवसभर बारीक काम करून माणसाचं डोकं तापतं. वेळेच्या आधी ताट मांडत जा. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करीन." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिथेच प्रार्थना केली. अगदी मनापासून केली. कापड मात्र तोवर वाळून गेलं, ते पुन्हा ओलं करावं लागलं.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा हातात कपड्यांची पिशवी होती आणि खालचा ओठ फाटलेला होता. या वेळी पाळकबाईंनी पाळकांना बोलावलं. पाळक भला माणूस. कुणी रडलं की त्यांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी घड्याळजींना निरोप पाठवला, आणि घड्याळजी दुकान बंद करून तडक आले. अभ्यासिकेत गुडघे टेकून ते असे रडले की भिंतीपलीकडे पाळकबाईंना ऐकू आलं. तासाभरानं सगळे बाहेर आले. पाळकबाईंनी चौघांची ताटं मांडली. घड्याळजींनी स्वतःच्या हातानं बायकोला वाढलं. पिशवी उचलूनही त्यांनीच नेली.

त्या बुधवारी पाळकबाईंनी नाव न घेता सभेत सांगितलं, की या आठवड्यात एक घर मोडता मोडता वाचलं. धाकटी खिडकीपाशी बसली होती. कुणाकडेही न बघता ती पुस्तकाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाळकबाईंकडे. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

तिसऱ्यांदा ती आली तो शनिवार होता.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ धर्मगुरू उपासनेला यायचे होते, आणि त्यांचा मुक्काम पाळकांच्याच घरी होता. पाळकबाई पहाटेपासून उभ्या होत्या. जिना धुऊन झाला होता, पडदे बदलून झाले होते. पाहुण्यांच्या खोलीत नवी चादर घालून, उशीला खास ठेवणीतला अभ्रा चढवून त्या बाहेर आल्या तर स्वयंपाकघराच्या दारात धाकटी. अंगावर कुठे काही दिसत नव्हतं. पिशवीही नव्हती.

"बाई, मला आठ दिवस इथं राहू द्या. आठच. मग मी भावाकडे जाते, त्याला कळवलंय."

"आज? अगं, आज कसं शक्य आहे? मोठे पाहुणे येतायत, एकच तर खोली आहे."

"मी इथं खाली झोपते. स्वयंपाकघरात."

"आणि पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू? आपल्याच पंचाच्या घरची बाई इथं का झोपलीय?" पाळकबाईंनी तिचा हात हातात घेतला. "दोन दिवस कळ काढ. सोमवारी सकाळी ये, मी स्वतः यांच्याशी बोलते."

"बाई, मी आता एकटी नाहीये," धाकटी म्हणाली.

"नाहीच मुळी," पाळकबाई म्हणाल्या. "प्रभू आहे ना तुझ्याबरोबर."

धाकटीनं काही सांगायला तोंड उघडलं, पण ओव्हनमधली भाकर भाजल्याचा वास आला आणि पाळकबाई वळल्या. भाकर काढून मागे बघतात तो दार रिकामं.

रविवारची उपासना थाटात झाली. घड्याळजींनी शास्त्रपाठ वाचला. बायको कुठे आहे असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, जरा कणकण आहे.

सोमवारी सकाळी ती आली नाही. आल्या त्या नर्सबाई. पायातल्या चपला न काढता त्या थेट स्वयंपाकघरात आल्या.

"तुमची धाकटी इस्पितळात आहे. काल दुपारी शेजाऱ्यांनी नेलं. जिन्यावरून पडली म्हणे." त्यांनी 'म्हणे'वर जोर दिला. "जबडा मोडलाय. डावा कान कायमचा गेला. आणि तीन महिन्यांचं पोट होतं, तेही गेलं."

पाळकबाईंच्या हातात पाहुण्यांची काढलेली चादर होती. ती तशीच छातीशी धरून त्या बसल्या. एकटी नाहीये, असं ती म्हणाली होती. स्वच्छ मराठीत, त्यांच्याच दारात उभी राहून म्हणाली होती.

दुपारी त्या डब्यात सूप घेऊन इस्पितळात गेल्या. धाकटीचा जबडा तारेनं बांधलेला होता. पाळकबाई खाटेच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि पुटपुटत काहीबाही बोलू लागल्या. क्षमा, प्रार्थना, प्रभूची इच्छा, जे जे ओठांवर यायची सवय होती ते सगळं. बऱ्याच वेळानं धाकटीनं मान वळवली आणि मिटल्या दातांतून म्हणाली, "बोला, बाई, बोला. त्या कानाला काही ऐकू येत नाही."

सूप तसंच परत आलं.

डॉक्टरांना जिन्याची गोष्ट पटली नव्हती. त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि धाकटीनं कागदावर लिहून जबाब दिला. घड्याळजींना दोन दिवसांत जामीन मिळाला. तिसऱ्या दिवशी ते पाळकांच्या अभ्यासिकेत होते. पुन्हा गुडघ्यांवर, पुन्हा रडत. पाळकांनी त्यांना चांगल्या वर्तणुकीचं पत्र लिहून दिलं, मंडळीच्या शिक्क्यासह.

संध्याकाळी पाळक स्वयंपाकघरात आले. एरवी ते तिथे फारसे येत नसत.

"अगं, ठाण्यातून बोलावतील तुला. ती आपल्याकडे येत होती असं तिनं लिहिलंय."

"येत होतीच."

"येत होती ना, सभेला. सगळ्याच येतात." त्यांनी टेबलावरचं मीठ उगाच इकडचं तिकडे केलं. "तू काही पाहिलं नाहीस, एवढंच म्हणायचं. खोटं बोल असं नाही म्हणत मी. मारताना तर तू पाहिलं नाहीस ना?"

"अहो, मी मलम लावलंय तिच्या हाताला."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ही मंडळी त्याच्या आजोबांनी उभी केली. उद्या चर्चमध्ये दोन तट पडतील. माझी तीन वर्षं राहिलीत. तीन वर्षांनी हे घर सोडायचंच आहे, पण असं नको, तोंड काळं करून नको."

"माझं तर झालंय काळं," पाळकबाई म्हणाल्या. पाळकांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते जेवायला थांबले नाहीत.

ठाण्यातून बोलावणं यायची पाळकबाईंनी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी घर आवरून, पाळकांचं जेवण झाकून ठेवून त्या पायीच निघाल्या. ठाण्यातल्या अधिकारीबाई तरुण होत्या, सर्दीनं बेजार. एका हातानं नाक पुसत त्या लिहून घेत होत्या. पाळकबाईंनी तारखांसकट सांगितलं. बोटांचे ठसे कुठल्या हाताला होते, ओठ कुठल्या बाजूला फाटला होता, अभ्यासिकेत घड्याळजी काय कबूल करून रडले, ते सगळं. अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुरे, बाई. भरपूर झालं."

"नाही, अजून आहे. तिसऱ्यांदा ती राहायला जागा मागायला आली होती. मी परत पाठवलं. पाहुण्यांची चादर घालून झाली होती म्हणून. पोटात मूल आहे हे तिनं सांगितलं, ते मी ऐकलं नाही."

अधिकारीबाईंनी वर पाहिलं. "त्याचा खटल्याशी काही संबंध नाही. हे कशाला लिहायचं?"

"लिहा," पाळकबाई म्हणाल्या. "दोन ओळींनी काय होतंय."

त्यांनी लिहिलं. पाळकबाईंनी वाचून खाली सही केली.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. पुढच्या बुधवारी सभेला सात जणी आल्या, त्याच्या पुढच्या बुधवारी दोघी, आणि मग एकट्या नर्सबाई. भाजीवाल्याच्या दुकानात बायका त्यांना बघून पाठ वळवत. कुणी म्हणालं, पाळकबाईंनी पाळकांच्याच पत्रावर शाई ओतली. कुणी म्हणालं, घरातलं बाहेर काढणारी कसली पाळकबाई! जामिनावरचे घड्याळजी पहिल्या बाकावर बसत. शास्त्रपाठ पंचांनी दुसऱ्याकडे दिला, पण कुणी त्यांना उठा म्हटलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ते पुढे येऊन गुडघे टेकत, आणि पाळक त्यांच्या ओंजळीत भाकर ठेवत. ती भाकर आपण भाजलेली आहे, हे पाळकबाई मागच्या बाकावरून बघत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी भाकर भाजायचं सोडलं. घरात पाळक त्यांच्याशी जेवणाखाणापुरतं बोलत.

पावणेदोन वर्षांनी निकाल लागला. घड्याळजींना तीन वर्षांची कैद झाली. निकालाच्या आधीच पाळकांची बदली झाली होती, एका लहान मंडळीत. तिथे चर्च म्हणजे एक लांबट खोली, आणि पाळकांचं घर म्हणजे तिच्यामागच्या दोन खोल्या.

निकाल कळल्यावर पाळकबाई धाकटीला भेटायला गेल्या. ती भावाच्या गावी तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करत होती. जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी आली. अंगानं भरली होती, केस कापले होते. मशिनच्या आवाजात राहून राहून मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, की कानामुळे लागली होती, कोण जाणे.

"तुमच्या साक्षीमुळे शिक्षा झाली, असं वकील म्हणाले. ते बरं केलंत."

पाळकबाई म्हणाल्या, "मी त्यासाठी नाही आले. मी तुला..."

"बाई, नको." धाकटीनं त्यांना मध्येच थांबवलं. आवाजात राग नव्हता. "तुम्ही आता माफी मागाल. मग मी माफ केलं म्हणायचं. तुमच्या घरात मी हेच ऐकत आले, आणि हेच करत आले. प्रत्येक वेळी केलं. आता माझ्याकडे तेवढी माफी उरलेली नाही."

"मागत नाही," पाळकबाई म्हणाल्या. पण त्या मागायलाच आल्या होत्या, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

"मी प्रार्थना करते अजून," धाकटी म्हणाली. "पण एकटी. कुणाबरोबर नाही जमत." मग घंटा झाली. "पुन्हा येऊ नका. खरंच नका येऊ. तुम्ही दिसलात की मला ते दार दिसतं."

ती आत गेली. पाळकबाई बसमध्ये बसल्या. दोन तासांच्या वाटेत प्रार्थना करायला म्हणून त्यांनी कितीदा तरी डोळे मिटले, आणि कितीदा तरी उघडले.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी हातपाय धुतले आणि घेवड्याच्या शेंगा निवडायला घेतल्या. पाळक बाहेरच्या खोलीतून आले, दारात थांबले.

"भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"पुन्हा येऊ नका म्हणाली."

पाळक आत आले. मग खुर्ची ओढून समोर बसले. या दोन वर्षांत ते खूप वाळले होते.

"ते पत्र मी लिहायला नको होतं," ते म्हणाले.

पूर्वीच्या पाळकबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, जाऊ द्या, तुमचं मन चांगलं होतं. जिभेवर आलंही.

"हो," त्या म्हणाल्या. "नको होतं."

आणि त्यांनी निम्म्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या. पाळकांना शेंगा धड निवडता येत नव्हत्या. शिरा तशाच राहत होत्या. पाळकबाई त्या उचलून पुन्हा सोलत होत्या.