दोन काठांमधला पाळणा

मी एक जुना पाळणा आहे. बाळाला झोपवायचा नव्हे, मित्रांनो, नदी ओलांडायचा. आइसलंड नावाच्या थंड बेटावर, हिमनदीच्या पोटातून निघालेल्या राखाडी पाण्यावर एक जाड लोखंडी दोर ताणलेला आहे. त्याला मी दोन चाकांनी लटकतो; आत बसलेल्याने दोर हाताने ओढला, की चाके फिरतात आणि मी सरकतो. माझ्यात दोन माणसे मावतात, नाहीतर तीन मेंढ्या. या काठावरून त्या काठाला आणि पुन्हा मागे, एवढेच मी आयुष्यभर केले. खालून नदी समुद्राकडे जाते, वरून पक्षी दक्षिणेकडे जातात. मला मात्र या दोराबाहेर कधी जाता आले नाही.

मला बाक्कीच्या आउदुनने बनवले. बाक्की म्हणजे नदीपलीकडचे, डोंगराला टेकलेले त्याचे एकटे घर. आमच्याकडे झाडे कुठली? समुद्र जे ओंडके किनाऱ्यावर आणून टाकतो, तेच आमचे रान. त्यातल्याच एका ओंडक्याच्या माझ्या फळ्या आहेत. चाके फुटक्या मासेमारी बोटीची. दर वसंतात आउदुन मेंढीची चरबी वितळवून माझ्या चाकांना लावायचा आणि माझ्या कठड्यावर थाप मारून म्हणायचा, "तू आहेस म्हणून आम्ही जगात आहोत रे!" मला किती बरे वाटायचे!

पिठाची पोती, टपाल, सुईण, नवी कोकरे, सगळे माझ्यातून आले. आउदुनच्या बायकोची शवपेटीही मीच नेली. ती आत मावेना, म्हणून आडवी ठेवून बांधली होती.

आउदुनला दोन मुली. थोरली ओद्नी, धाकटी हाल्ला. एका सकाळी हाल्ला पेटी घेऊन माझ्यात बसली. तिला डेन्मार्कला जायचे होते. शेजारी बसून ओद्नीने दोर ओढला. पलीकडे उतरल्यावर हाल्ला म्हणाली, "मी बोलावीन तुला." ओद्नीने दोर हातात घेतला. ती मला घेऊन एकटीच परत आली. नंतर बोलावणे आले की नाही, मला ठाऊक नाही. ओद्नी मात्र गेली नाही. मेंढ्या होत्या, म्हातारे वडील होते.

पुढे खालच्या अंगाला पूल झाला. गाड्या थेट बाक्कीच्या दारात येऊ लागल्या आणि माझे काम संपले. आउदुन वारला. हाल्ला काही आली नाही. माझ्या चाकांत वाऱ्याने काळी वाळू भरली. गंज चढला. एका लहान पाखराने माझ्यात घरटे केले, तेवढीच सोबत.

मग आमच्या बेटावर पाहुण्यांचे लोंढे येऊ लागले. कुणाला हिमनदी पाहायची असते, कुणाला लाल चोचीचे पक्षी, कुणाला नुसता आमचा पाऊस अंगावर घ्यायचा असतो! अशाच एका उन्हाळ्यात, अशाच एका बसमधून हाल्ला आली. केस पांढरे, गळ्यात कॅमेरा. बसमधली मंडळी पुढे पक्षी बघायला गेली आणि ती कपभर कॉफीपुरती बहिणीकडे उतरली.

त्याच दुपारी बर्फाखालचा ज्वालामुखी डोंगर जागा झाला. आधी पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास आला. मग नदी फुगली, बर्फाचे घराएवढे तुकडे घेऊन आली आणि पूल कागदासारखा घेऊन गेली. दोघी बहिणी बाक्कीत अडकल्या.

पुढचे काही दिवस मी त्यांना काठावर येताना पाहत होतो. दोघींमध्ये दोन मेंढ्या जातील एवढे अंतर असायचे.

"हेलिकॉप्टर येईल म्हणे," हाल्ला म्हणाली.

"येतं की. आजारी माणसासाठी येतं. तू आजारी आहेस?"

"तुझ्याकडे आणखी राहिले तर पडेन."

ओद्नीने नाक उडवले. हाल्लाने माझ्याकडे पाहिले. "हा चालतो का अजून?"

"बाबांनी केलाय. न चालायला काय झालं?"

मित्रांनो, मी घाबरलो. मला ओरडून सांगावेसे वाटले, की बायांनो, माझी चाके बघा आधी! पण लाकडाला तोंड कुठले?

पाणी थोडे उतरले, तशी दोघी निघाल्या. पलीकडच्या काठावर बचाव पथकाची जीप उभी होती. ओद्नीने बहिणीच्या पिशवीत भाजलेले मांस, स्टीलचा कॉफीचा थर्मास आणि घरच्या लोण्याचा गोळा कोंबला. "तुझे हात मऊ पडलेत," असे म्हणून ती स्वतःही माझ्यात बसली आणि दोर ओढू लागली.

नदीच्या मधोमध माझे पुढचे चाक कुरकुरले आणि थांबले. ओद्नीने पुढे ओढले, मागे ओढले. मी जागचा हललो नाही. खाली घाण वासाचे पाणी घोंघावत होते आणि वारा मला घंटेसारखा हलवत होता. जीपमधला माणूस हात हलवून काहीतरी ओरडत होता, पण त्याचा आवाज वाराच गिळत होता. मला लाज वाटली. ज्या माणसाच्या हातून मी घडलो, त्याच्याच मुलींना मी अधांतरी धरून बसलो होतो.

"आता?" हाल्लाने विचारले.

"आता काय! तुला निसर्ग बघायचा होता ना? बघ."

हाल्लाने खालच्या पाण्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मी तिकीट काढलं होतं, ओद्नी. विमानतळापर्यंत गेले आणि मागे फिरले. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही."

ओद्नीने दोरावरची पकड सोडली नाही. "मी दोन कप मांडले होते," ती म्हणाली. "दफन झाल्यावर. रात्रीपर्यंत तसेच होते."

वाऱ्याचा जोराचा झोत आला. माझी एक फळी कडकडली. मग ओद्नी उठली. "चाकात वाळू बसलीय. कुणीतरी वर चढून ठोकायला हवं. मी चढते. तू मला धर."

"तू? तुझा गुडघा बघ आधी!"

"तू धरशील ना, ते सांग. सोडून जाणं तुला चांगलं जमतं."

"आणि धरून बसणं तुला! चढ मुकाट्यानं."

ओद्नी माझ्या कठड्यावर उभी राहिली. हाल्लाने तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल तिच्या लोकरी स्वेटरवर घट्ट दाबला आणि डोळे मिटले. ओद्नीने थर्मास हातोडीसारखा धरला आणि माझ्या चाकावर घाव घातला. मला दुखले, पण त्या दिवसाइतके गोड दुखणे मी कधी सोसले नाही. गंजाचे पापुद्रे उडाले.

"लोणी दे!"

"काय?"

"लोणी गं! पिशवीतलं!"

एका हाताने बहिणीला धरून हाल्लाने दुसऱ्या हाताने लोण्याचा गोळा काढून दिला. ओद्नीने तो सगळाच्या सगळा माझ्या चाकात चोळला आणि पुन्हा घाव घातला. दोघींनी मिळून दोराला हिसका दिला. मी वीतभर सरकलो. मग हातभर.

"सुटलं!" हाल्ला ओरडली. ती रडत होती की हसत होती, मला कळले नाही.

ओद्नी धापा टाकत खाली बसली. जीपकडे बघून म्हणाली, "चल, ओढ. तुझं विमान चुकेल."

"आणि तू परत एकटी येणार? या चाकावर?"

"मग काय, इथंच राहू दोघी?"

हाल्लाने दोर दोन्ही हातांत घेतला. तिचे मऊ तळवे सोलले होते. "उलटं ओढ," ती म्हणाली. "घरी."

दोघींचे भांडण मिटले, असे मी म्हणणार नाही. तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत पडद्यांवरून, कॉफीवरून आणि वडिलांच्या जुन्या कोटावरून त्या भांडतच होत्या. काठापर्यंत आवाज यायचा. पण हाल्ला रोज सुरी घेऊन यायची आणि माझ्या चाकांतली वाळू खरवडायची. एक दांडगा समुद्रपक्षी तिच्या डोक्यावर झेप घ्यायचा आणि ती त्याला डॅनिश भाषेत शिव्या द्यायची. मग ती गेली. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात आली, ओद्नी होती तोवर.

आता बाक्कीला कुलूप आहे. नवा पूल पक्का आहे. पाहुणे गंमत म्हणून माझ्यात बसू लागले, तेव्हा सरकारी माणसांनी मला साखळीने खांबाला बांधून टाकले. शेजारी पाटी लावली. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात, "किती छान!" म्हणतात आणि जातात. माझी चाके पुन्हा जड होत चालली आहेत.

मित्रांनो, वस्तू एका दिवसात अडकत नाही. कुणी हात लावत नाही, म्हणून ती हळूहळू अडकत जाते. माणसांचेही तसेच होते, हे मी नदीच्या मधोमध पाहिले आहे. तुमच्या घरात, गावात माझ्यासारखे कुणी पडून असेल, तर त्याला नुसते पाहू नका. आणि कधी माझ्या काठावर आलात, तर फोटो मागाहून काढा. माझी साखळी हातभर सैल आहे. मला तेवढे तरी हलवा.