घरात नऊ, शाळेत सात

भाताच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. किकुयोने ते चटकन सरकवलं, पण टेबलापलीकडच्या साहेबावरची नजर काही काढली नाही.

नवरा स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन स्टेशनावर गेला आणि जमीन कचेरीतला हा होलब्रुकसाहेब नेमका तेव्हाच दारात उगवला. जपानी माणसाला कॅलिफोर्नियात जमीन घ्यायची बंदी. म्हणून हा मळा इथेच जन्मून अमेरिकन ठरलेल्या मुलीच्या, मित्सुएच्या नावावर होता. ते नाव खोटं ठरलं की मळा सरकारजमा.

"मुलगी किती वर्षांची?" साहेबाने विचारलं.

एवढं इंग्रजी किकुयोला कळत होतं. घाईत ती बोलून गेली, "नऊ."

साहेबाची पेन्सिल 'नऊ' लिहून थांबली. "कागदावरच्या जन्मतारखेने सात होतात. नावाची मुलगी एक आणि दाखवायची दुसरी, असं आहे होय? ही कुणाची उसनी आणलीत?"

शेजारी उभ्या मित्सुएने ते आईला भराभरा जपानीत सांगितलं.

"मी शाळेत सात वर्षांची आहे," मित्सुए साहेबाला म्हणाली. "घरात नऊ."

"वा! म्हणजे दोघी आहेत तर!"

"सांग ना त्यांना," किकुयो कळवळून म्हणाली, "आमच्यात मूल जन्मतं तेच एक वर्षाचं. नवं वर्ष लागलं की सगळेच एका वर्षाने मोठे होतात. तू डिसेंबरातली, म्हणून दोन वर्षं जास्त."

मित्सुएने सांगितलं तसं साहेबाने तोंड वाकडं केलं. "सगळे एकाच दिवशी? तुमचा घोडासुद्धा?"

किकुयोने पाठीशी बांधलेलं बाळ सोडलं. नाताळानंतर चारच दिवसांनी, सरत्या वर्षात जन्मलेलं, अजून मानही नीट न धरणारं. ते तिने साहेबाच्या कागदांवरच ठेवलं आणि दोन बोटं वर केली.

"हा दोन."

बाळाने कागदावर लाळ गाळली. साहेब बघतच राहिला, मग खो खो हसला. "हा दोन वर्षांचा? अगं बाई, मग मी शंभरीला आलो!" आणि हातातल्या कागदावर त्याने 'नऊ' खोडून 'सात' लिहिलं.

किकुयोने कागदांवरून बाळ उचलून घेतलं.

टोपी घालता घालता साहेब आणखी काही बोलला. या वेळी तो हसत नव्हता. त्याची मोटार मळ्याबाहेर गेली.

"काय म्हणाले ग?"

"जमीन माझीच आहे म्हणाले." मित्सुए बाळाच्या पायाशी चाळा करत राहिली. "पण आता नवा कायदा झालाय. बाबांनी आणि तू ती सांभाळायची नाही. कोर्ट दुसऱ्या कुणाला तरी नेमणार."

बाळाला पुन्हा पाठीशी बांधताना किकुयोची गाठ काही बसेना. उघड्या दारातून वाफे दिसत होते, पिकलेल्या फळांनी लाल झालेले. ती उद्याच तोडायला हवी होती.

"आई," मित्सुएने विचारलं, "जमीन माझी, मग तू कुठे राहणार?"