बाजूला व्हा, काकू

शर्मिलाताई गजभिये सरकारी नोकरीसाठी भंडाऱ्याहून पुण्यात आल्या, त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. येरवड्यातल्या एका कार्यालयात त्यांची खिडकी होती आणि खिडकीसमोर दिवसभर रांग. रांगेचा त्यांना त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो रांग टाळून, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून हात आत घालून "मॅडम, फक्त एकच विचारायचंय" म्हणणाऱ्यांचा. त्या दिवशी असे इतके जण आले की दुपारनंतर त्यांनी मान वर करणंच सोडून दिलं.

संध्याकाळच्या बसमध्ये एक गृहस्थ स्वतः खिडकीशी आणि पिशवी शेजारच्या सीटवर, असे ऐसपैस बसले होते.

"पिशवीला कुठे उतरायचंय?" शर्मिलाताईंनी विचारलं.

गृहस्थांनी उपकार केल्यासारखी पिशवी मांडीवर घेतली आणि लगेच फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून त्यांची बहीण प्लॉटच्या वाटणीवरून तावातावाने बोलू लागली.

"आवाज जरा कमी करता का?"

"महत्त्वाचा कॉल आहे, मॅडम."

"मग तर आम्हाला अजिबातच ऐकवू नका."

गृहस्थांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फोन दुसऱ्या हातात घेतला. आवाज तेवढाच राहिला. शर्मिलाताईंनी पर्स मांडीवर घेऊन डोळे मिटले. बोलायचं तर सकाळपासून कितीजणांना बोलायचं?

विश्रांतवाडीच्या पुढे त्या उतरल्या तेव्हा डावा गुडघा भरून आला होता. स्टॉपपासून घर फार लांब नव्हतं, पण मधला रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर गाड्या जागच्या हलत नव्हत्या, आणि म्हणून दुचाकीवाले फुटपाथवर चढत होते. गाड्या चढू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवलेले होते. त्यातला एक कुणीतरी उपटून नेला होता, तेवढी फट सगळ्यांना पुरत होती.

एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला फुटपाथची उंच कड आणि खाली खणलेली माती. मागून हॉर्न वाजला की शर्मिलाताई रोज त्या कडेवरून खाली उतरायच्या, गाडी गेली की पुन्हा वर चढायच्या. घरी पोचेपर्यंत असं अनेकदा.

त्या दिवशी हॉर्न वाजला आणि त्या उतरल्या नाहीत. काही ठरवलं नव्हतं. गुडघा वाकेना, एवढंच. त्या आपल्या चालीने चालत राहिल्या. मागे दुसरा हॉर्न, मग तिसरा.

"काकू, बाजूला व्हा ना!"

शर्मिलाताई थांबल्या आणि वळल्या. रॅपिडो की कसल्याशा बाइक-टॅक्सीचं जाकीट घातलेला एक तरुण, त्याच्यामागे स्कूटरवर भाजीच्या पिशव्या लटकवलेल्या बाई, आणि त्यांच्यामागे हेल्मेटांची ओळ.

"रस्ता तिकडे आहे," त्या म्हणाल्या.

"तिकडे जाम आहे."

"इथेही झालाय."

"फुटपाथ विकत घेतलाय का, काकू?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही. तुम्ही घेतला असेल तर कागद दाखवा. दिवसभर तेच बघते मी."

एकदोघे हसले. भाजीवाल्या बाई मात्र चिडल्या. "अहो, घरी लहान मूल आहे माझं. तुमचं काय जातंय दोन मिनिटं उतरायला?"

शर्मिलाताई त्यांना गुडघ्याबद्दल सांगणार होत्या. तेवढ्यात ओळीच्या मागून आवाज आला, "आई?"

हेल्मेटची काच वर करून त्यांचा प्रज्ञेश पाहत होता. खराडीतल्या कंपनीतून सुटून तो घरी निघालेला. क्षणभर शर्मिलाताईंना तो ओळखूच आला नाही, म्हणजे ओळखावासा वाटला नाही.

"आई, प्लीज. लोक थांबलेत. सीन नको करू."

"मागे घे तू गाडी."

"मागे कशी घेणार? मागे लाइन आहे."

"घ्या, काकूंच्या घरचीच गाडी!" जाकीटवाला म्हणाला, आणि या वेळी सगळेच हसले.

त्या हसण्याने शर्मिलाताईंची उरलीसुरली ताकद गेली. भिंतीला एक हात टेकून त्या बाजूला झाल्या, मग कडेवर बसून खाली मातीत उतरल्या. गाड्या एकेक करून निघून गेल्या. भाजीवाल्या बाई जाताना "सॉरी हं" म्हणाल्या.

प्रज्ञेश तेवढा गाडी भिंतीला लावून थांबला. आईचा हात धरून त्याने तिला वर घेतलं. गुडघा किती दुखतो ते त्याला तेव्हा कळलं असावं, कारण चढताना त्या कण्हल्या.

"बस मागे. सोडतो."

"फुटपाथवरून? नको."

त्याने गाडी बंद केली आणि ढकलत चालू लागला. गाडी, तो आणि आई शेजारीशेजारी चालतील एवढी जागा नव्हती. शर्मिलाताई मागे राहिल्या.

"रोज इथूनच येतोस?"

"सगळेच येतात, आई."

"सगळ्यांना मी वाढवलं नाही."

मान न वळवता तो म्हणाला, "मला पण दिवसभर वीट येतो गं. ऑफिसात शेजारचा सगळे कॉल बिनइयरफोनचे घेतो. तासभर जाममध्ये उभा राहतो मी. फट दिसली की हात आपोआप वळतो."

शर्मिलाताईंना रागवायचं होतं. पण बसमधल्या गृहस्थांनाही दिवसभर कुणीतरी पिडलं असेल, असं मनात आलं, आणि त्याचाही त्यांना कंटाळा आला. मागून पुन्हा हॉर्न वाजला. प्रज्ञेशने गाडी भिंतीला टेकवली, आईला गाडीपुढे भिंतीशी घेतलं आणि त्या माणसाला म्हणाला, "अहो, फुटपाथ आहे हा!"

तो माणूस त्याच्या गाडीकडे बघून हसला आणि निघून गेला.

घरी प्रज्ञेशने न सांगता पाणी तापवलं, शेकायची पिशवी भरून दिली. त्यानंतर तो कधी उशिरा येऊ लागला, कधी लवकर. रस्त्यावरचा जाम मात्र रोज तेवढाच होता. लवकर आला की शर्मिलाताई त्याच्याकडे बघायच्या, तो बूट काढायला खाली वाकायचा. कुठून आलास, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि मग पुन्हा बोलणं आलं असतं.