खिडकीतलं कस्टर्ड

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारीबुवांनी उभं आयुष्य काढलं. पथ्याचं, अळणी शिजवून हात विटले, तरी एका पदार्थावर त्यांचा फार जीव होता, तो म्हणजे कस्टर्ड. दूध आटायला लागलं की साखर, मग फेटलेली अंडी, आणि पळी सारखी फिरती. दुपारी ते वाट्यांमधून बाळंतिणींच्या वॉर्डात जायचं. तिथली एक नर्स रोज वाढपाच्या खिडकीशी येऊन म्हणायची, "कोपऱ्यातल्या पेशंटला अजून एक वाटी हवी आहे."

त्या वॉर्डाच्या कोपऱ्यात खाटच नाही, हे बुवांना लवकरच कळलं. त्यांनी चौकशी केली नाही. वाटी तेवढी काठोकाठ भरायला लागले.

पुढे दोघांचं लग्न झालं, पण हाक 'सिस्टर' अशीच राहिली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बायकोला कोणी सिस्टर म्हणतं का! पण जिभेला वळण पडलं ते पडलं.

निवृत्तीनंतर सिस्टरच्या भाचीने दोघांना चार दिवस शेतावर राहायला बोलावलं. तिच्याकडे गाई होत्या. एके दिवशी सगळं दूध काढता यावं म्हणून सकाळीच एका गाईचं नवं वासरू दुसऱ्या गोठ्यात नेलं आणि गाय हंबरायला लागली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, हंबरणं थांबेना.

"असं होतंच, आत्या," भाची म्हणाली. "थोडे दिवस, मग विसरते."

सिस्टर कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या अंधार पडेपर्यंत.

घरी परतल्यावर बुवांनी चहा ठेवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा कोरा करा."

"का? दूध नासलंय?"

"नाही. मला नको."

"आज नको?"

"आजपासून नको."

मग अंडी गेली, लोणी गेलं, मधाची बाटली शेजारी गेली. बुवांनी कारण विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "जन्मभर बाळं पुसून आईच्या कुशीत दिली हो मी. कुशीतलं बाळ गेलं की आई कशी रडते, तेही ऐकलंय. त्या गाईचा आवाज तसाच होता."

बुवा मनातून हबकले. चहाचं एकवेळ ठीक, कस्टर्डचं काय?

ते इरेला पेटले. नारळाचं दूध आणलं, मक्याचं पीठ आणलं, रंगाला चिमूटभर हळद घातली. एक खेप खळीसारखी चिकट झाली. दुसरीला साबणाचा वास येत होता. तिसरी तर चमच्याला उलट ढकलत होती. सिस्टर प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बरं झालंय." एका दुपारी बुवांनी त्यांना वाटी कुंडीत रिकामी करताना पकडलं.

"आवडलं नव्हतं तर तोंडाने सांगायचं!" बुवा कडाडले. मग स्टुलावर बसून हळूच म्हणाले, "मला कळतंय गं, जमत नाहीये. पण तू तेच सोडलंस, तर आपली ती खिडकी, ते दिवस… सगळंच सुटल्यासारखं वाटतं."

सिस्टर जवळ आल्या. "रागावणार नसाल तर एक सांगू? तुमच्या कस्टर्डमध्ये गुठळ्या असायच्या."

"माझ्या? गुठळ्या?"

"रोज. अख्खा वॉर्ड चमच्याने बाजूला काढायचा."

"मग तू रोज जादा वाटी कशाला मागायचीस?"

"आता या वयात तेही सांगायला हवं का?"

बुवा कानापर्यंत लाल झाले. हॉस्पिटलच्या खिडकीतली ती दुपार त्यांना लख्ख दिसली. चौकटीला टेकलेला खांदा, तिरकी झालेली टोपी, दमून मिटणारे डोळे, आणि आतून आपली चाललेली अखंड बडबड. वाटीतलं ती खाते की नाही, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"त्याच्यासारखं काही करू नका," सिस्टर म्हणाल्या. "ते तेव्हाचं होतं, छान होतं. आता दुसरं काहीतरी करा."

टोपलीत नासपती मऊ पडायला आल्या होत्या. बुवांनी त्या सोलून साखरेच्या पाण्यात दालचिनी आणि संत्र्याची साल टाकून शिजवल्या. सिस्टरनी पहिला घास घेतला.

"खरं सांग हं," बुवांनी दम भरला.

"साखर जास्त झालीय."

बुवांना एवढं बरं वाटलं की त्यांनी स्वतःलाही वाढून घेतलं.

त्यांचं स्वतःचं दूध मात्र बरेच महिने चालू होतं. मग एका सकाळी पिशवी आणायची राहिली, आणि पुढे राहतच गेली.

हिवाळ्यात भाची आली. तिघांपुढे कोरा चहा पाहून ती जराशी ओशाळली. सिस्टरनी तिला गाईंची खुशाली विचारली, बाकी काही नाही.

"काका, तुम्हीसुद्धा?" भाची म्हणाली. "दुधाची आठवण नाही येत?"

"न यायला काय झालं? अगं, हॉस्पिटलचं ते मोठं पातेलं उतू जायला टेकलं ना, की एक वास सुटायचा. थंडीत सगळे वॉर्डबॉय हात शेकायला माझ्याभोवती…"

बुवांची गाडी सुटली. भाचीचा चहा गार झाला, तरी त्यांचं वर्णन संपेना. सिस्टरनी तिच्यासमोरचा कप अलगद उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.